चॅपल लेनच्या कोपऱ्यावरचा दुसरा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुना ब्रेक आहे. गाडी चालवणाऱ्याच्या पायाखाली असतो तो ब्रेक मी नव्हे. मी दुसरा. ज्या गाडीत नवशिके शिकतात, तिच्यात शेजारच्या सीटपुढे, शिकवणाऱ्याच्या पायाशी, आणखी एक ब्रेक बसवलेला असतो. नवशिक्याचा पाय चुकला की शिकवणाऱ्यानं मला दाबायचं. मग एक लोखंडी दांडा पलीकडचा ब्रेक खाली ओढतो आणि गाडी थांबते. दाबताना माझा ‘खट्’ असा आवाज होतो. एवढंच माझं काम, आणि ते मी चाळीसेक वर्षं इमानानं केलं. गेल्या वर्षी मात्र माझ्या हातून, म्हणजे पायातून म्हणा, जे घडलं त्यापायी एका भल्या बाईचं होत्याचं नव्हतं व्हायची वेळ आली. तेच सांगायला बसलोय.

मला डोळे नाहीत. मी खाली, चिखल आणि बिस्किटांचा चुरा पडतो त्या अंधाऱ्या जागेत राहतो. माणसं मला तळव्यांवरून कळतात आणि रस्ता चाकांवरून येणाऱ्या थरथरीवरून. तुम्ही म्हणाल, हा आंधळा काय साक्ष देणार? पण ज्याला दिसत नाही त्याला ऐकू फार येतं.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. लोखंड तापवलं, वाकवलं, वर रेघारेघांचं रबर चढवलं आणि मला एका खोक्यात घातलं. ते खोकं विल्फ मॉसॉपनं उघडलं. इंग्लंडातल्या कंब्रियाच्या किनाऱ्यावर, सॉल्वेच्या खाडीवरून येणारा वारा दारं आपटत हिंडतो त्या आमच्या गावात, विल्फ लोकांना गाडी शिकवायचा. त्याचा उजवा बूट बाहेरच्या कडेला झिजलेला असायचा. नवे बूट घेतले तरी तीन महिन्यांत तीच कड झिजायची. म्हणून माझं रबरही तिथंच झिजलं. विल्फनं चार वेळा गाडी बदलली, पण जात तीच ठेवली, का तर मी बसलो पाहिजे. “गाड्या येतात नि जातात, हा गडी राहिला पाहिजे,” असं तो म्हणायचा. कौतुक कुणाला नको असतं? मला तर फार आवडायचं.

विल्फचा धडा सुरू व्हायचा तो एकाच वाक्यानं. “गाडी तुझी, ब्रेक माझा. घाबरायचं काम नाही.” भीती पळावी म्हणून तो आल्याची बिस्किटं वाटायचा. त्याच्या हाताखाली कसायाची पोरं शिकली, नर्सबाई शिकल्या, एक पाद्री शिकला, तो प्रत्येक वळणावर देवाचं नाव घ्यायचा.

आता त्या दिवसाचं सांगतो. ऑक्टोबर होता, मंगळवार होता. कसायाचा थोरला चालवत होता. चॅपल लेनच्या कोपऱ्यावर तेव्हा मुलांची शाळा होती, रस्त्याला लागून लोखंडी फाटक. गाडी फाटकापाशी आली आणि मला चाकांतून पावलं ऐकू आली. लहान, भराभर, टप टप टप. पोराचा पाय थिजला. विल्फनं मला असं दाबलं की माझा दांडा कळवळला. खट्! गाडी थांबली. पावलं मात्र थांबली नाहीत. ती समोरून निवांत पलीकडे गेली. मी मोजली. नऊ पावलं.

विल्फ उतरला आणि शाळेत सांगायला गेला, की मुलं अशी रस्त्यावर सोडू नका. परत आला तेव्हा त्याचे बूट जमिनीवर धड टेकत नव्हते. दुपारी त्याची बायको एडी गाडीत बसली तेव्हा तो बोलला.

“एडी, शाळेचा शिपाई पानं झाडत होता. म्हणाला, कुठली मुलगी? आठवडाभर शाळेला सुट्टी आहे.”

“मग गावातली असेल कुणाची तरी.”

“एका हातात लाल हातमोजा होता. दुसरा हात उघडा. माझ्याकडे बघून हसली गं. मी चार घरं विचारून आलो. कुणाची नाही.”

“चहा प्यायलास का तू सकाळपासून?” एडी म्हणाली.

त्या दिवसापासून चॅपल लेनचा कोपरा आला की विल्फ मला दाबायचा. जोरात नाही, हलकेच. समोर कुणी असो नसो. विद्यार्थी विचारायचे, काका, मी तर नीट चालवत होतो की! तो म्हणायचा, “तू नीटच चालवत होतास.” आणि मला सांगायचं ते हे, की पावलं दर वेळी असायची. पुढं शाळा बंद पडली. मग पाडली. विटा गेल्या, घंटा गेली, फक्त फाटक राहिलं आणि मागं गवत वाढलं. तरी टप टप टप, नऊ पावलं, आणि मग शांत.

विल्फ गेला तो फेब्रुवारीत, झोपेत. मी दीड वर्ष बंद गॅरेजमध्ये पडून होतो. रबर कडक झालं, स्प्रिंगला गंज चढला, एका कोळ्यानं माझ्यावर बिऱ्हाड थाटलं. कुणी विचारलं नाही. वापरातली वस्तू सगळ्यांची, पडलेली कुणाचीच नाही. तेव्हा मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

मग एके सकाळी गॅरेजचं दार वर गेलं आणि एडीचा आवाज आला. “घेऊन जा जनीन. विल्फ नेहमी म्हणायचा, ही बाई पाचव्यांदा पास झाली, पडणं काय असतं ते हिला कळतं. ही शिकवेल.”

जनीन फिअरन त्यांची शेजारीण. बिस्किटांच्या कारखान्यात वीस वर्षं सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहिली आणि एक दिवस पट्टाच बंद झाला. छत्तिसाव्या वर्षी ती विल्फकडे शिकली होती, याच गाडीत. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला शिकवायचं होतं. तिच्या बुटांचे तळवे मऊ, पाय हलका. बसल्या बसल्या तिनं वाकून माझ्यावरचं कोळ्याचं जाळं बोटानं काढलं आणि म्हणाली, “काय रे बाबा, ओळखलंस का?” ओळखलं होतं. पाचव्यांदा पास झाली तेव्हा हिनं माझ्या अंगावर चहा सांडला होता.

शिकवणारा व्हायचं तर आमच्याकडे तीन परीक्षा असतात. पहिल्या दोन तिनं सरळ काढल्या. तिसरीत प्रत्यक्ष शिकवून दाखवायचं असतं, आणि त्या तयारीसाठी सहा महिन्यांचा शिकाऊ परवाना मिळतो. गुलाबी त्रिकोणी कागद. त्यावर फोटो, नाव आणि मुदतीची तारीख. तो समोरच्या काचेला लावायचा. जनीननं तो लावला त्या दिवशी एडीनं बटाट्याचं कालवण केलं होतं आणि भांडं नेमकं माझ्याशेजारी ठेवलं होतं, म्हणून मला पक्कं आठवतं.

तिची पहिली विद्यार्थिनी टीगन बर्केट, अठरा वर्षांची. म्हाताऱ्यांची देखभाल करायला घरोघर जायचं काम तिला हवं होतं, आणि खेड्यापाड्यांतून बस दिवसातून दोनदा. टीगनचे बूट जाडजूड आणि तोंड अखंड चालू.

“जनीन, तुम्ही मला घाबरता का हो?”

“तुला नाही गं. तुझ्या बुटांना घाबरते.”

दोघींचं छान जमलं. तिसऱ्या दिवशी गाडी चॅपल लेनला आली. मी ऐकत होतो. टप टप. आणि मित्रांनो, माझ्यावर वजन आलं. बाहेरच्या कडेनं. झिजलेल्या कडेनं. खट्!

गाडी थांबली. टीगन किंचाळली, “अहो, काय झालं? काही नव्हतं ना समोर!”

जनीनचे दोन्ही पाय सीटखाली दुमडलेले होते. मला तर माहीत, मी तिथंच होतो. ती खाली वाकून माझ्याकडे बघत राहिली. तिचा श्वास मला लागत होता.

“सॉरी,” ती म्हणाली. “पाय घसरला.”

ती बोलली ते खोटं होतं आणि तिला ते ठाऊक होतं. तो पाय कुणाचा होता? मला वाटलं विल्फचा. मग वाटलं, विल्फ कसला, मीच. तीस वर्षं एकाच जागी खाली गेलो, अंगवळणी पडलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मेल्यावर तरी जाते की नाही, हे कुणी सांगत नाही.

तिसऱ्या परीक्षेत परीक्षक मागच्या सीटवर बसतो आणि शिकाऊ शिक्षक खऱ्या विद्यार्थ्याला धडा देतो. आमच्या गावात परीक्षेची गाडी कुठूनही निघो, चॅपल लेन टळत नाही. पहिल्या वेळी कोपऱ्यावर खट् झालं. परीक्षकानं विचारलं, “ब्रेक का दाबलात?” जनीन म्हणाली, “मी नाही दाबला.” त्यानं नोंद केली: गरज नसताना हस्तक्षेप, आणि विचारल्यावर नकार. नापास. दुसऱ्या वेळी तिनं मुद्दाम पाय मागे ओढून ठेवले, गुडघे हातांनी धरून ठेवले. तरी खट्. पुन्हा नापास. मला लाज वाटत होती, पण लाजून स्प्रिंग सैल होत नाही.

तीनदा नापास झालं की खेळ खलास. दोन वर्षं थांबायचं आणि पहिल्या परीक्षेपासून सुरुवात करायची. कारखाना बंद, वय चव्वेचाळीस, दोन वर्षं कोण कुणासाठी थांबतं? म्हणून तिनं मला ॲल्बीकडे नेलं. ॲल्बी गावातला जुना मेकॅनिक. त्यानं मला उघडलं, धुतलं, तेल दिलं, हातोडीनं ठोकून पाहिलं. बापरे, काय ठोकलं मेल्यानं! दुसऱ्या कामांमधून वेळ काढत काढत त्यानं पाच आठवडे लावले.

“बाई, हा ब्रेक माझ्या सासूपेक्षा धडधाकट आहे. काही दोष नाही.”

“नीट बघितलंस ना, ॲल्बी?”

“सासूला की ब्रेकला?” तो हसला. मग तिचं तोंड बघितलं असावं, कारण हसू तिथंच थांबलं. “लिहून देतो. दोष नाही.”

तोवर मुदत संपत आली होती. तिनं दुसऱ्या सहा महिन्यांसाठी अर्ज केला. गाडी शिकवणाऱ्यांना परवाने देणाऱ्या निबंधकांचं पत्र आलं, ते तिनं गाडीत बसूनच उघडलं, घरी उघडायचा धीर झाला नाही. अर्ज नामंजूर. सहा महिने पुरेसे होते, वाया गेलेल्या वेळाचं समाधानकारक कारण दिलेलं नाही. निर्णय मान्य नसेल तर न्यायासनापुढे अपील करता येईल.

आणि इथं आमच्याकडची एक विचित्र रीत आहे. पहिली मुदत संपायच्या आत अर्ज केलेला असेल आणि नकारावर अपील केलं असेल, तर निकाल लागेपर्यंत जुना परवाना चालू राहतो. तारीख उलटून गेली तरी. म्हणजे काचेवर तो गुलाबी कागद तसाच. त्यावरची तारीख मेलेली, कागद जिवंत. टीगन एकदा म्हणाली, “याची तारीख गेली की हो, जनीन!” जनीन म्हणाली, “गेली. पण अजून गेलेला नाही.” मी मनात म्हटलं, या गाडीत असा तो एकटाच नाही.

अपिलाच्या आदल्या दुपारी एडी गाडीत येऊन बसली. तिच्या पायात घरातल्या मऊ सपाता होत्या.

“पाठ दुखत होती म्हण,” एडी म्हणाली. “सहा आठवडे उठता येत नव्हतं म्हण. डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत.”

“एडी मावशी, मी खोटं बोलू?”

“मग खरं काय सांगणार? ब्रेक आपोआप खाली जातो? वेड्यांच्या दवाखान्यात टाकतील तुला.”

“तुम्हाला काही माहीत आहे का या कोपऱ्याबद्दल? विल्फ काका तिथं नेहमी...”

“मला काही माहीत नाही,” एडी चटकन म्हणाली. तिच्या सपाता एकमेकींवर घासत होत्या. माहीत असून गप्प बसणाऱ्यांत मीही होतोच, म्हणून मी तिला दोष देत नाही.

सुनावणी फोनवरच होती, चित्रासकट. घरात सिग्नल नाही, म्हणून जनीननं गाडी बंदरापाशी नेली आणि फोन समोर टेकवून ठेवला. ती शेजारच्या सीटवर, म्हणजे माझ्यासमोरच बसली. तिनं परीक्षेचे बूट घातले होते आणि त्यांना पॉलिश केलं होतं, जरी फोनमध्ये बूट कुणाला दिसणार नव्हते.

न्यायासनावर तिघं होते. मधल्या न्यायाधीश बाई, आवाज सौम्य. दोन सदस्य, त्यातला एक म्हातारा, घसा खाकरणारा. शिवाय निबंधकांच्या बाजूनं बोलणारा एक अधिकारी.

अधिकारी म्हणाला, “शिकाऊ परवाना ही ठरावीक मुदतीची सवलत आहे. त्याच्यावर कायम शिकवत राहता येत नाही. शिवाय दोन्ही परीक्षांत यांनी विनाकारण ब्रेक दाबला, आणि दोन्ही वेळा दाबलाच नाही म्हणाल्या.”

न्यायाधीश बाई म्हणाल्या, “मिसेस फिअरन, गाडी पाच आठवडे गॅरेजमध्ये होती म्हणून वेळ गेला, असं तुम्ही लिहिलं आहे. पण मेकॅनिक म्हणतो दोष नाही. मग गाडी तिथं कशासाठी होती?”

जनीननं दोन्ही बूट एकमेकांना जुळवून ठेवले. म्हण बाई, पाठ दुखत होती म्हण, मी मनात म्हणालो. एवढं एक वाक्य बोल आणि सुट.

“ब्रेक आपोआप खाली जातो, मॅडम,” ती म्हणाली. “एकाच कोपऱ्यावर. माझा पाय त्याच्यावर नसतो. मी खोटं बोलत नाही, आणि मला वेडही लागलेलं नाही. निदान कालपर्यंत तरी नव्हतं. हा ब्रेक ज्यांचा होता ते आता नाहीत. ते त्या कोपऱ्यावर नेहमी दाबायचे. याच्यापेक्षा जास्त मला काही माहीत नाही.”

बंदरावर दोरखंड डोलकाठ्यांवर आपटत होते. मग तो म्हातारा सदस्य खाकरला.

“कुठला कोपरा?”

“चॅपल लेन, सर.”

“जुन्या शाळेचं फाटक?”

“हो. तुम्हाला कसं माहीत?”

“त्या किनाऱ्यावर मी बरीच वर्षं गाडी शिकवली आहे.” तो थांबला. “माझे प्रश्न संपले.”

न्यायाधीश बाईंनी सांगितलं, निकाल लेखी येईल, दोन आठवडे लागतील. जनीननं फोन बंद केला आणि हुंदके देऊन रडली. तिची शेवटची परीक्षा नऊ दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी एडी पुन्हा आली, एकटीच. जनीननं गाडी तिच्या दारात उभी केली होती आणि किल्ली दिली होती. एडी शेजारच्या सीटवर बसली, सपाता काढल्या आणि आपला अनवाणी पाय माझ्यावर ठेवला. थंडगार, हलका पाय. चाळीस वर्षांत तिनं मला कधी पाय लावला नव्हता.

“विल्फ,” ती म्हणाली, “ती पोर खरं बोलली रे. सगळ्यांसमोर. मी तिला खोटं शिकवत होते.” तिनं नाक ओढलं. “तुझं बरोबर होतं, तुझ्या हाताखालची पोरं कच्ची होती. पण हिची टीगन बघ. हिनं तिला चांगलं शिकवलंय. शिकणाऱ्याचा पाय कधी शिकायचा, तूच दर वेळी दाबलंस तर? सोड आता. त्या मुलीला दुसऱ्या कुणालातरी बघू दे.”

आणि माझ्यावर, तिच्या पायाच्या वर, आणखी एक वजन आलं. बाहेरच्या कडेनं. एडीनं पाय काढला नाही. “हो, मला कळलं तू आहेस,” ती म्हणाली आणि तशीच बसून राहिली. हातातला चहा थंड होईपर्यंत.

परीक्षेचा दिवस स्वच्छ होता. ऊन, वारा, धुकं नावालाही नाही. परीक्षक या वेळी वेगळा होता, मागच्या सीटवर बसला, जड बूट, पाय स्थिर. टीगन चालवत होती. जनीन शेजारी. तिनं या वेळी पाय मागे ओढले नाहीत. माझ्या बाजूला, जमिनीवर, सरळ ठेवले. मी तिला मनात विचारलं, का गं, भीती नाही वाटत? उत्तर आलं नाही, पण तिची बोटं बुटात वळलेली होती.

“पुढं चॅपल लेन,” जनीन टीगनला म्हणाली. “मी काही सांगणार नाही. तुला जे दिसेल त्याप्रमाणे कर.”

गाडी वळली. फाटक जवळ आलं. टप.

मित्रांनो, त्या एका ‘टप’नं माझं सगळं लोखंड गोठलं. टप टप. आणि वजन आलं. झिजलेली कड, तीच जागा, तोच दाब. सगळ्या आयुष्यात मी कुठल्याच पायाला नाही म्हटलं नव्हतं. ब्रेकनं नाही म्हणायचंच नसतं. त्या दिवशी मी स्प्रिंग ताणली, गंजका दांडा ताठ केला आणि जागचा हललो नाही. मी दबलो नाही तर? समोर कुणी असेल तर? असेल की, मला ऐकू येत होतं! टीगनच्या त्या जाडजूड बुटाला ते कळेल का? मी इतका कधीच घाबरलो नव्हतो.

मग वजन थांबलं. हलकं झालं. गेलं.

आणि पलीकडे, टीगनच्या पायाखाली, तिचा स्वतःचा ब्रेक खाली गेला. सावकाश, नीट, शिकवल्याप्रमाणे. गाडी थांबली. माझा खट् झालाच नाही. चार, पाच, सहा. सात. आठ. नऊ. पावलं पलीकडे पोहोचली.

मग मागून परीक्षकाचा आवाज आला.

“का थांबलीस?”

“अहो, ती छोटी मुलगी,” टीगन म्हणाली. “बघितलं नाही का तुम्ही? फाटकातून आली. एकच हातमोजा घातलेली.”

जनीननं कुणालाच पाहिलं नव्हतं. रस्ता रिकामा होता, हे तिनं नंतर एडीला सांगितलं.

परीक्षकाचे जड बूट मागे सरकले.

“लाल,” तो म्हणाला. “हं. चला पुढं.”

त्यानं कागदावर जे लिहिलं ते जनीननं मोठ्यानं वाचलं तेव्हा मला कळलं: विद्यार्थिनीनं पादचाऱ्यासाठी स्वतःहून योग्य वेळी गाडी थांबवली. शिक्षिकेनं अनावश्यक हस्तक्षेप केला नाही. पास. टीगननं तिला मिठी मारली तेव्हा तिचा जाड बूट थेट माझ्यावर पडला, खट्! आणि दोघी इतक्या हसल्या की रडायला लागल्या.

दोन दिवसांनी न्यायासनाचं पत्र आलं. अपील मंजूर. त्यात एक ओळ होती: अपीलकर्ती खरं सांगत आहेत असं आम्हाला वाटलं, कोपऱ्याबद्दल आम्ही कोणतंही मत देत नाही. “आता काय याचं लोणचं घालू?” जनीन म्हणाली. पण तिनं ते पत्र फेकलं नाही. घडी घालून समोरच्या कप्प्यात ठेवलं. गुलाबी त्रिकोण परत पाठवायचा होता. काचेवर पक्क्या शिक्षकाचा हिरवा अष्टकोन लागला, त्यावरची तारीख बरीच पुढची. जुना कागद शेवटी सुखानं मेला.

तेव्हापासून माझ्यावर ते वजन आलं नाही. एडी कधीकधी गाडीत येऊन बसते, पाय ठेवून बघते आणि काही न बोलता उतरते. मला त्याची आठवण येते. फार येते. जनीन दर महिन्याला मला तेल देते, रबर पुसते, आणि मी क्वचितच खाली जातो. तिचे विद्यार्थी स्वतः थांबतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना सांभाळा, त्यांना गॅरेजात कुजू देऊ नका, हे तर मी सांगणारच. पण त्यांच्यावर विसंबूनही राहू नका. आयुष्यभर शेजारच्याच्या ब्रेकवर गाडी चालत नसते. कधी आमच्या किनाऱ्याला आलात आणि चॅपल लेनला वळलात, तर तुमचा पाय तयार असू द्या. रस्ता रिकामा दिसला तरी थांबा, शाळा पाडलेली असली तरी थांबा. आणि मनात नऊपर्यंत मोजून मगच निघा.